ऑपरेशन झालंय ना?

जत, आटपाडी किंवा माण तालुक्याकडच्या एखाद्या गावात चाळिशीच्या बाईला विचारा, "मूल नको म्हणून काय केलंत?" बहुतेकदा उत्तर एका शब्दात येतं. "आपरेशन." कधी केलं? "धाकटा दीड वर्साचा हुता तवा." त्याआधी काय वापरत होता? यावर ती अशी बघते, की प्रश्नच कळला नाही. आधी काही वापरायचं असतं हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं. लग्न, दोन मुलं, ऑपरेशन. सगळा प्रवास पंचविशीच्या आसपास आटोपलेला.

आता सांगलीत विश्रामबागेत या. नोकरी करणाऱ्या, इंग्रजी माध्यमात मुलं घातलेल्या बाईला हाच प्रश्न विचारला तर गोष्ट लांबते. आधी गोळ्या होत्या, त्यानं डोकं दुखायचं. मग मिस्टर निरोध वापरायचे. पहिल्या मुलीनंतर तांबी (कॉपर-टी) बसवली, दुसऱ्यासाठी काढली. आता डॉक्टर म्हणतात हार्मोनवाली तांबी बसवू, रक्तस्रावही कमी होईल. पण ती काही हजारांत जाते, बघू.

अंतर फार तर शंभर-सव्वाशे किलोमीटरचं. एकीची गोष्ट एका शब्दात संपते, दुसरीची परिच्छेदभर चालते. गर्भनिरोधनातली असमानता म्हणतात ती हीच.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ मध्ये झाली. तिच्यानुसार देशात १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी जवळपास ३८ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली आहे. निरोध साडेनऊ टक्के, गोळ्या पाच टक्के, तांबी दोन टक्क्यांच्या आसपास. पुरुष नसबंदी ०.३ टक्के, म्हणजे हजार जोडप्यांमागे तीन पुरुष. महाराष्ट्रात तर ऑपरेशन झालेल्या स्त्रिया निम्म्याच्या घरात आहेत. त्यातही शाळेचं तोंड न पाहिलेल्या स्त्रियांत ऑपरेशनचं प्रमाण जास्त, आणि बारावीच्या पुढे शिकलेल्यांत निरोधसारख्या परत फिरता येणाऱ्या साधनांचं. शिक्षण, जात आणि जमीन यांची आपल्याकडे जशी गाठ मारलेली आहे ती पाहता हा आकडा नुसता शिक्षणाचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

इथं कुणीतरी म्हणतंच, "पण सरकार सगळं फुकट देतं की!" खरं आहे. उपकेंद्रात माला-एन आणि छाया या गोळ्या, तांबी, अंतरा इंजेक्शन, निरोध हे सगळं मोफत मिळतं. २०११ पासून आशाताई घरपोच आणून देतात. तेव्हा ठरलेला दर निरोधच्या तीनच्या पाकिटाला एक रुपया, गोळ्यांच्या महिन्याच्या पाकिटाला एक रुपया असा होता. मग अडतं कुठं?

अडतं जगण्यात. ऊसतोडीचंच घ्या. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीड, अहिल्यानगरकडून आणि आमच्याच जत भागातून टोळ्या वाळवा, पलूस, कराडच्या उसात उतरतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती नवरा-बायकोच्या जोडीवर मिळते. या जोडीलाच 'कोयता' म्हणतात. कोयता एक, माणसं दोन. बाईनं एक दिवस खाडा केला तर जोडीचा दिवस बुडतो, वर दंड. पहाटे अंधारात फडात जायचं, तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत चढवायच्या. राहायला खोपी. मार्च-एप्रिलपर्यंत हेच.

या बाईच्या हातात सरकारी टोपलीतलं एकेक साधन ठेवून बघू.

माला-एनची गोळी रोज घ्यायची असते, शक्यतो एकाच वेळी. खोपीत ती ठेवायची कुठं इथपासून प्रश्न. पाकीट संपलं की पुढचं कोण देणार? आशाताईची यादी साधारण हजार लोकवस्तीची असते, पण ती त्या गावच्या रहिवाशांची. फडावरची बाई या गावच्या यादीत नसते, आणि तिच्या गावच्या यादीत ती असते तेव्हा ती तिथं नसते.

तांबी एकदा बसवली की दहा वर्षांपर्यंत चालते, हे खरं. पण पहिले काही महिने पाळीत रक्त जास्त जाऊ शकतं, पोटात कळा येऊ शकतात. घरी न्हाणीघर असलेल्या बाईला ही कटकट आहे. फडात ना आडोसा, ना पाणी. तिथं याच कटकटीचं संकट होतं. त्यात काही खुपलं, दुखलं तर तपासायला खाडा.

अंतरा दर तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन. २०१७ पासून ते सरकारी यंत्रणेत आलं. सप्टेंबरात गावी पहिलं घेतलं तर दुसरं डिसेंबरात येतं, म्हणजे ऐन हंगामात, परक्या तालुक्यात. तारीख चुकली तरी चार आठवड्यांपर्यंत घेता येतं. ही एवढी सवलत फडावरच्या बाईला माहीत असेल तर तिचं बरंच काम होईल. पण अंतरानं पाळी अनियमित होते, कधी थांबते, कधी मधेच ठिपके पडतात. आधी सांगितलं असेल तर बाई घाबरत नाही. सांगितलं नसेल तर दुसऱ्या इंजेक्शनाला ती येतच नाही, आणि आपण म्हणतो, "या बायकांना सांगून कळत नाही."

छाया ही आठवड्याची गोळी. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा. हार्मोन नाहीत, आणि लखनौच्या सरकारी संशोधन संस्थेत तयार झालेलं हे आपलं स्वतःचं औषध आहे. फडावरच्या बाईच्या जगण्याला सगळ्यात जवळ जाणारं साधन हेच असावं असं मला वाटतं. पण तिचं नाव माहीत असलेली बाई मला क्वचित भेटली.

निरोधबद्दल काय बोलायचं? तो नवऱ्याच्या मर्जीवर, आणि नवऱ्याची मर्जी संध्याकाळच्या बाटलीवर.

मग राहतं ऑपरेशन. एकदाच जायचं, परत कुणाला विचारायचं नाही, कुठलं पाकीट संपत नाही, तारीख चुकत नाही. तिनं ऑपरेशन निवडलं ते अडाणी म्हणून नव्हे. बाकीची सगळी दारं तिच्यासाठी बंद होती आणि उघड्या दारातून ती गेली. कागदावर मात्र याची नोंद 'लाभार्थीची निवड' अशीच होते.

गंमत अशी, की नवऱ्याची बिनटाक्याची नसबंदी याहून कितीतरी सोपी आहे. भूल फक्त त्या जागेपुरती, काही मिनिटांचं काम, पोट उघडायचं नाही. पण "त्येला ताकदीचं काम असतंय, अशक्तपणा येईल" म्हणून बाईच टेबलावर झोपते आणि उठून पुन्हा डोक्यावर मोळी घेते. नसबंदीनं पुरुषाची ताकद कमी होत नाही, हे डॉक्टर सांगून थकले.

ऑपरेशननंतरची गोष्टही इथं थांबत नाही. मूल होणं थांबलं की आरोग्य यंत्रणेचं तिच्याकडचं लक्षही थांबतं. अंगावरून पांढरं जातंय, ओटीपोट दुखतंय, याला कोण विचारतो? मग खासगी दवाखान्यात कुणीतरी म्हणतं, मुलं झाली, आता पिशवीचं काय काम, काढून टाका. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची २०१९ मध्ये राज्य सरकारनं नेमलेल्या समितीसाठी पाहणी झाली. सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजार ८०० हून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. या बायका ज्या फडांत राबतात त्यांतले कितीतरी आपल्या कृष्णाकाठचे आहेत.

पैशाचीही एक गोष्ट आहे. ऑपरेशन केल्यावर बुडीत मजुरी म्हणून सरकार काही रक्कम देतं. २००७ नंतर कैक वर्षं महाराष्ट्रासारख्या राज्यांसाठी दर असा होता: दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातींच्या बाईला ६०० रुपये, दारिद्र्यरेषेवरच्या बाईला २५०. हेतू वाईट नव्हता, ज्याची मजुरी बुडते त्याला जास्त द्यावं इतकाच असेल. पण ज्या घरात ६०० रुपये म्हणजे आठवड्याचा बाजार, तिथं हा पैसा भरपाई राहत नाही, वजन होतो. गोळी घेणारीला, तांबी काढून घेणारीला असं काहीच मिळत नाही. जातीचा रकाना जिथं पैशाच्या रकान्याला जोडला जातो, तिथं प्रश्न विचारायलाच हवा: सरकारला नेमकी कुणाची मुलं कमी हवी आहेत?

हा प्रश्न शंभर वर्षं जुना आहे. मूल कमी व्हावं असं म्हणणाऱ्यांत पहिल्यापासून दोन तऱ्हेची माणसं होती. एकांचं म्हणणं, बाईला नको असेल तर तिच्यावर बाळंतपण लादू नका. दुसऱ्यांचं म्हणणं, 'त्या' लोकांची प्रजा फार वाढतेय, तिला आळा घाला. याला तेव्हा सुप्रजननशास्त्र असं भारदस्त नाव होतं आणि शिकलेसवरलेले लोक ते मोठ्या हौसेनं बोलत. साधन तेच, पण कुठल्या हेतूनं दिलं जातं त्यावर बाईशी वागणं बदलतं.

पहिली बाजू समजून घ्यायला लांब जायला नको. सातारा शहरात भीमाबाईंची समाधी आहे, बाबासाहेब आंबेडकरांच्या आईची. चौदा बाळंतपणं झालेली ही बाई बाबासाहेब जेमतेम पाच-सहा वर्षांचे असताना साताऱ्यात वारली. चौदापैकी मोजकीच मुलं जगली. पुढं बाबासाहेबांच्या स्वतःच्या पाच मुलांपैकी एक यशवंतच जगला. संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्व्यांवर त्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकातल्या मजकुरावरून खटला झाला तेव्हा १९३४ मध्ये त्यांच्या बाजूनं उभे राहिलेले वकील बाबासाहेबच. आणि १९३८ मध्ये त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीनं पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या साधनांचा सरकारनं प्रसार करावा असा ठराव मांडला. बाळंतपणाच्या वेणा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या तर एकाहून जास्त मुलाला कुणी तयार झाला नसता, अशा अर्थाचा युक्तिवाद त्यात होता. मूल केव्हा आणि किती हे बाईनं ठरवावं, हा त्याचा गाभा. ठराव मोठ्या फरकानं फेटाळला गेला. साताऱ्याला जाणारे कितीजण त्या समाधीजवळ थांबून ही चौदाची संख्या आठवतात कोण जाणे.

स्वतंत्र भारतानं १९५२ मध्ये कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, जगात सगळ्यांच्या आधी. पण हळूहळू दुसरी बाजू वरचढ झाली. आमच्या शाळेच्या भिंतीवर लाल त्रिकोण, म्हणजे कुटुंबनियोजनाचं चिन्ह, होता. तो कशाचा, हे मास्तरांना विचारायची सोय नव्हती. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात सुमारे ८३ लाख नसबंद्या झाल्या, त्यातल्या ६२ लाखांच्या आसपास पुरुषांच्या. धरपकड झाली ती गरिबांची, झोपडपट्टीतल्यांची, ज्यांच्यासाठी कुणी फोन करणार नव्हतं त्यांची. महाराष्ट्र विधिमंडळानं तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूरही केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. १९७७ मध्ये मतपेटीतून उत्तर आल्यावर सरकारांनी धडा घेतला, पण भलताच. पुरुषांच्या वाटेला जायचं नाही, बायकांची ऑपरेशनं करायची. वरचा ०.३ टक्के आणि ३८ टक्के हा हिशेब तिथून आलाय.

अमेरिकेत हाच खेळ जातीऐवजी वंशावर चालला. दोन्ही गोष्टी एक नाहीत, गुलामगिरीचा इतिहास वेगळा आणि अस्पृश्यतेचा वेगळा. पण धागा ओळखीचा वाटतो. १९७३ मध्ये अलाबामा राज्यात माँटगोमेरी इथं रेल्फ आडनावाच्या दोन कृष्णवर्णीय बहिणींची, वयं १२ आणि १४, सरकारी मदतीवर चालणाऱ्या केंद्रामार्फत नसबंदी केली गेली. आईला वाचता येत नव्हतं. इंजेक्शन द्यायचंय असं समजून तिनं कागदावर फुली मारली. खटला झाला तेव्हा देशाला कळलं, की अशा कितीतरी जणी आहेत. पुढं १९९० च्या डिसेंबरात दंडात बसवायच्या सहा बारीक नळ्यांच्या नॉरप्लांट या साधनाला तिथं परवानगी मिळाली. पाच वर्षं चिंता नाही. काही दिवसांतच फिलाडेल्फियातल्या एका मोठ्या वृत्तपत्रानं अग्रलेखातून सुचवलं, की कृष्णवर्णीयांमधली गरिबी कमी करायला हे वापरता येईल. गदारोळ झाला, माफी मागावी लागली. पण नळ्या बसवायला सरकारी योजनेतून पैसे मिळायचे आणि मुदतीआधी काढायच्या म्हटलं की काही राज्यांत हात आखडता घेतला जायचा. नळ्या स्वतःच्या हातानं निघत नाहीत, डॉक्टरच लागतो.

असमानता म्हणजे फक्त 'मिळत नाही' एवढंच नसतं, नको असताना मिळणं हाही तिचाच प्रकार, ही गोष्ट तिथल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी नीट मांडली. १९९४ मध्ये शिकागोत त्यांच्यातल्या बाराजणींनी यासाठी 'प्रजननविषयक न्याय' ही कल्पना पुढं आणली: मूल न होऊ देण्याचा हक्क, मूल होऊ देण्याचा हक्क, आणि झालेलं मूल सुरक्षित जागी वाढवण्याचा हक्क. यातला दुसरा आणि तिसरा हक्क आमच्या पारध्याच्या पालावरच्या बाईला लगेच कळेल. विश्रामबागेत कदाचित समजावून सांगावा लागेल.

आपल्याकडं हल्ली काही निवडक जिल्ह्यांत दंडात बसवायची एक काडी सरकारी दवाखान्यात येऊ लागली आहे. साधन चांगलं आहे. मी फक्त एवढंच बघेन, की बसवणाऱ्या सिस्टरइतकीच काढणारी सिस्टरही गावाजवळ आहे का.

साताऱ्यानं एक वेगळा प्रयोग केला होता, तो सांगायला हवा. २००७ मध्ये इथल्या जिल्हा परिषदेनं नवविवाहितांसाठी 'हनिमून पॅकेज' काढलं. पहिलं मूल दोन वर्षं लांबवलं तर ५,००० रुपये, तीन वर्षं लांबवलं तर ७,५००. नावामुळं हसू झालं, परदेशी वृत्तपत्रांपर्यंत बातमी गेली. माझं मत विचाराल तर पैसे देण्याबद्दल शंका आहेच, पण निदान इथं बक्षीस परत फिरता येणाऱ्या गोष्टीला होतं, आणि नव्या सुनेच्या घरी जाऊन नर्सबाईला गोळ्या, निरोधबद्दल बोलायचं निमित्त मिळालं. अर्थात पहिल्या दिवाळसणालाच "काही गोड बातमी?" विचारणाऱ्या सासूला पाच हजारांनी किती थोपवलं असेल, हा भाग वेगळा.

सांगलीतला दुसरा अनुभव निरोधचा. इथं १९९२ पासून 'संग्राम' ही संस्था आणि पुढं 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' यांनी एड्सच्या काळात वेश्याव्यवसायातल्या बायकांच्याच हाती निरोध वाटपाचं काम दिलं. गिऱ्हाइकाला "निरोध नाही तर चालता हो" म्हणण्याइतकी ताकद त्यांनी एकजुटीतून मिळवली. आणि त्याच शहरात लग्नाची बायको नवऱ्याला हे वाक्य म्हणू शकत नाही. म्हणजे बाईची इज्जत आणि तिचा अधिकार एका दिशेनं वाढतात असंही नाही.

जात आणि पैसा हे दोन्ही हाताशी असूनही अडकणारी एक बाई असते, ती बिनलग्नाची. कराड, इस्लामपूरच्या औषधाच्या दुकानात तातडीची गोळी २००५ पासून चिठ्ठीशिवाय मिळते, ७२ तासांच्या आत घ्यायची. पण दुकानदार वडिलांचा ओळखीचा असतो. कोयना जलाशयापलीकडच्या कांदाटी खोऱ्यातल्या बाईला दवाखाना गाठायला लाँचची वाट बघावी लागते. या मुलीला दुकान समोर असून अनोळखी गाव शोधावं लागतं.

कायदा यातल्या बऱ्याच गोष्टींत आपल्या बाजूनं आहे, पण तो दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत झिजतो. छत्तीसगडमधल्या बिलासपूरजवळ नोव्हेंबर २०१४ मध्ये एका शिबिरात एका डॉक्टरनं काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं केली आणि तेराजणी दगावल्या. त्यानंतर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं देविका बिस्वास खटल्यात शिबिरं तीन वर्षांत बंद करा, छुपी उद्दिष्टं लादू नका आणि बाईला तिच्या भाषेत समजावून संमती घ्या, असं सांगितलं. ऑपरेशनसाठी नवऱ्याची संमती सरकारी नियमांप्रमाणं लागत नाही. सज्ञान बाईच्या गर्भपातासाठीही लागत नाही, आणि २०२२ च्या निकालानंतर अविवाहित बाईलाही २४ आठवड्यांपर्यंतच्या तरतुदीतून वगळता येत नाही. तरी खिडकीवर पहिला प्रश्न येतो, "मिस्टर कुठायत?"

म्हणून शेवटी उपयोगाचं थोडं. अंतराचं कार्ड मिळतं, ते जपून ठेवायचं. फडावर जाताना आधारकार्डाच्या पिशवीतच टाकायचं आणि तारीख आली की जिथं असाल तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवायचं. आणि तांबी काढायची असेल तर काढून मागायची. "अगं, अजून सात वर्षं चालेल की ती," असं सिस्टर म्हणाल्या तर "असू द्या, काढा" एवढं पुरतं. कारण सांगावं लागत नाही.